चुना-मृदा स्थिरीकरण

चिकणमातीत चुना मिसळून तिची फुगण्या-आकसण्याची प्रवृत्ती कमी करण्याच्या आणि तिची भार पेलण्याची क्षमता वाढविण्याच्या पद्धतीस चुना-मृदा स्थिरीकरण म्हणतात. रस्ते, धावपट्ट्या व भराव यांच्या तळमातीसाठी तिचा मुख्यत्वे उपयोग होतो. त्यासाठी कळीचा (चुनखडी भाजून मिळणारा) किंवा विरलेला (त्यात पाणी घालून केलेला) चुना लागतो. चुनखडीची नुसती पूड चालत नाही. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडे मुबलक असूनही ती फुगायची थांबत नाही, कारण त्यांतील कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात बांधलेले असते.

या पद्धतीच्या प्राचीनतेविषयी संदर्भग्रंथांत दोन विधाने वारंवार आढळतात व दोन्ही जपूनच स्वीकारावी लागतात. पहिले तिबेट-मंगोलियाच्या पठारावरील ‘शेन्सीच्या पिरॅमिडां’विषयीचे असून ते चुना व माती ठोकून उभारले गेले, असे त्यात म्हटलेले असते. शेन्सी (शान्शी) हा प्रांत त्या पठारावर नाही. तेथील हान राजवंशकालीन समाधि-टेकड्या प्रामुख्याने ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या आहेत. चुना, माती व वाळू यांचे ठोकीव मिश्रण चीनमध्ये पुढे प्रचारात आले, हे मात्र खरे. दुसरे विधान रोमन रस्त्यांचे आहे. इ. स. पू. 312 मध्ये सुरू झालेल्या ॲपियन मार्गाचा दाखला देऊन रोमन रस्त्यांत चुनामिश्रित थर सर्रास असत, असे सांगितले जाते. परंतु थरांची ही मांडणी प्राचीन रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियसने इमारतींच्या जमिनींसाठी वर्णिलेली आहे. ती रस्त्यांना लागू केली ती सतराव्या शतकात फ्रेंच लेखक निकोला बर्जिए याने. उत्खननांत रस्त्यांची बांधणी स्थानपरत्वे बरीच निराळी आढळत असल्याने सर्वसामान्य रोमन प्रघाताची कल्पना मागे पडणेच योग्य ठरते. आधुनिक वापर अमेरिकेत साधारणपणे 1920 नंतरच्या प्रयोगांपासून व दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्सासमधील कामांपासून धरला जातो.

चुन्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. पाण्यात सुटलेले कॅल्शियमचे आयन चिकणमातीच्या कणांवरील सोडियमसारख्या आयनांची जागा घेतात, कणांभोवतीचे पाण्याचे आवरण पातळ होते आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात. परिणामी आकार्यता निर्देशांक (माती किती ओलाव्याच्या पल्ल्यात मऊ व आकार देण्याजोगी राहते त्याचे माप) काही तासांतच उतरतो. टिकावाला चिकटून बसणारी माती दुसऱ्या दिवशी रवाळ होऊन झडू लागते. दुसरा टप्पा संथ असतो. पीएच मूल्य (आम्लता-अल्कता दर्शविणारे माप) सुमारे 12.4, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, झाल्यावर मातीतील सिलिका व ॲल्युमिना विरघळू लागतात आणि कॅल्शियमशी संयोग पावून सिमेंटात आढळणाऱ्या संयुगांसारखी बंधक संयुगे तयार करतात. ही वाढ महिनोन् महिने, अनुकूल स्थितीत वर्षानुवर्षे चालते. किमान मात्रा ठरविण्याची ईड्स व ग्रिम यांची 1966 मधील कसोटी याच पीएच मूल्यावर आधारलेली आहे. माती नुसती हाताळण्याजोगी करण्यास कोरड्या वजनाच्या 1 ते 3 टक्के चुना पुरतो. कायम बळकटीसाठी साधारणतः 3 ते 8 टक्के लागतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावलेला चुना मात्र वाया जातो, म्हणून तो उघड्यावर साठवीत नाहीत.

महाराष्ट्रात बेसाल्टाच्या झिजेतून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणखनिजाचे प्रमाण अधिक असल्याने ही पद्धत तेथे विशेष लागू पडते. खरी अडचण रसायनाची नसून ढेकळांची असते: उन्हाळ्यात ती दगडासारखी कठीण असतात, पावसाळ्यात चिखल होतो व चुना आतवर पोहोचत नाही. यामुळेच रस्तेबांधणीची मानके ठरविणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसने (आयआरसी) केवळ ही माती भुसभुशीत करण्यासाठी आयआरसी 49 (1973) ही स्वतंत्र संहिता काढली; चुना-माती मिश्रणांसाठी आयआरसी 51 आहे. व्यवहारात पुष्कळदा अर्धा चुना आधी मिसळून माती मुरू देतात, ढेकळे सैल झाल्यावर उरलेला चुना घालून रोलर फिरवितात आणि थर किमान सात दिवस ओलसर ठेवतात. चुना कोठवर पोहोचला हे पाहण्यास खणलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कधर्मी पदार्थात गुलाबी होणारे दर्शक द्रव्य शिंपडतात. गुलाबी न होणारा पट्टा चुन्यावाचून राहिलेला किंवा कार्बोनेट झालेला समजतात. कळीचा चुना विरताना स्वतःच्या वजनाच्या सुमारे 32 टक्के पाणी शोषून तीव्र उष्णता सोडतो. ओली जमीन सुकविण्यास तो उपयोगी, पण मजुरांच्या डोळ्यांना व त्वचेला घातक असतो.

जिप्समसारखी सल्फेटे असलेल्या मातीत चुना घातल्यास एट्रिंजाइट हे पाणी धरून फुगणारे खनिज तयार होऊन थर उलट फुगतो. लास व्हेगासमधील स्ट्यूअर्ट ॲव्हेन्यू या रस्त्याचे असे नुकसान जे. के. मिचेल यांनी 1986 मध्ये वर्णिले. वाळूमिश्रित मातीत चिकणकण अपुरे असल्याने चुन्यासोबत औष्णिक वीज केंद्रांतील राख मिसळतात. कालव्यांसाठी आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराचा (सीएनएस) निराळा उपाय सुचविला व तो कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पात वापरला गेला. मऊ मातीत खोलवर चुन्याचे स्तंभ करण्याचे तंत्र 1970 नंतर स्वीडन व जपानमध्ये विकसित झाले.