ओला परकर, प्लास्टिकची पिशवी आणि डीएनए

आशाताईंच्या एका बैठकीत बलात्काराच्या पुराव्याचा विषय निघाला, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "पोरीनं आंघोळ केली, दोन दिवस उलटले, तालुक्याला जायला गाडी नाही. आता पुरावा राहतो का?" आंघोळ झाली, दिवस उलटले की पुरावा संपला, हा समज दुर्गम गावांत घट्ट बसलाय आणि त्यापायी कितीतरी जणी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. शरीरावरचा पुरावा झपाट्याने कमी होतो हे खरं, म्हणून तीन दिवसांच्या आत पोचणं चांगलं. पण कपड्यावर वाळलेला वीर्याचा डाग महिनोन्‌महिने टिकू शकतो. धुतलेल्या कपड्यांतूनही डीएनए मिळालेला आहे.

खरा घात होतो तो प्लास्टिकच्या पिशवीत. घरच्यांनी जपून ठेवायचा म्हणून परकर कॅरीबॅगमध्ये कोंबून गाठ मारलेली असते. पावसाळ्यात दोन दिवसांनी ती सोडली, तर आतून थेंब जमलेले, कुबट वास, कापडावर काळे ठिपके.

त्या पिशवीत काय चालतं ते बघण्यासारखं आहे. डीएनए ही लांबलचक साखळी, तिच्या कड्या म्हणजे जणू अक्षरं, फॉस्फेटच्या बंधांनी सांधलेली. जिवाणू आणि बुरशी डीएनेज नावाची विकरं (एन्झाइम) सोडतात, ती हे बंध तोडतात. मात्र एकेक बंध तोडताना पाण्याचा एकेक रेणू खर्ची पडतो. पाणीच नसेल तर तोडणी थांबते! कागदातून ओल बाहेर जाते, प्लास्टिकमध्ये ती कोंडते. प्रयोगशाळा अख्खी साखळी वाचत नाही. एसटीआर म्हणतात अशा वीसेक जागी छोट्या अक्षरगटांची पुनरावृत्ती किती वेळा झाली, ते मोजते. त्यासाठी साधारण १०० ते ४५० अक्षरांचा सलग तुकडा शाबूत लागतो. साखळी तुटत गेली की आधी लांब तुकड्यांच्या जागा गळतात, मग मधल्या. उरलेल्या दोन-चार जागांवरून माणसाची खात्रीने ओळख पटत नाही.

म्हणून ओला कपडा आधी वाळवायचा, तोही सावलीत. उन्हातल्या अतिनील किरणांनी साखळीतले शेजारशेजारची थायमीन नावाची अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि वाचन तिथेच अडतं.

विज्ञानाच्या नावाखाली याच क्षेत्रात दोन बोटांची चाचणीही वर्षानुवर्षं चालली; योनीत बोटं घालून बाई शरीरसंबंधांना 'सरावलेली' आहे का, ते ठरवायचे. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणं हे गैरवर्तन ठरवलं. 'अंगावर जखम नाही' यावरून संमती ठरवणंही तितकंच चूक. गडचिरोलीतल्या देसाईगंजच्या १९७२ च्या प्रकरणात, पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याची तक्रार करणाऱ्या आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने धरला आणि दोन्ही आरोपी पोलीस सुटले. त्यावर देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला अशा मुलीवर मोफत प्रथमोपचार करावेच लागतात, आधी पोलिसांत जाऊन या म्हणता येत नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि गर्भधारणा टाळण्याचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं.

त्या ताईंनी उठताना पुन्हा विचारलं, "रद्दीचा कागद चालेल?" कोरा घ्या, ताई. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात, न झटकता, न धुता.