पेला, पाट आणि नागपूरचा उन्हाळा

नागपुरात जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरलेला असताना स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला उचलला, तर बोटे गारठतात. त्याच्या शेजारी ठेवलेला सागवानी पाट मात्र हाताला तितका थंड लागत नाही. रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या या दोन्ही वस्तूंना तापमापक लावून पाहिला, तर तापमान सारखेच भरते. याचा अर्थ, ‘पेला थंड आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा पेल्याचे तापमान सांगत नसतो, तर आपल्या हातातली उष्णता तो किती वेगाने ओढून घेतो हे सांगत असतो.

या गुणधर्माला उष्मावाहकता म्हणतात. स्टेनलेस स्टीलची उष्मावाहकता लाकडाच्या सुमारे शंभरपट असते. बोट टेकताच त्याची उष्णता स्टीलमध्ये शिरून लगेच पुढे पसरते आणि स्पर्शाची जागा थंडच राहते. लाकडात ती जिथल्या तिथे अडकते, त्यामुळे बोटाखालचा लाकडाचा पातळ थर क्षणात कोमट होतो. नेमके सांगायचे तर या स्पर्शात वस्तूची घनता आणि विशिष्ट उष्माधारकता (ठरावीक वजनाची वस्तू एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांचाही वाटा असतो, पण वाहकतेतला फरक एवढा मोठा आहे की निकाल मुख्यतः तीच ठरवते.

आता हेच दोन पदार्थ मे महिन्यात, नवतपाच्या म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत हाताळून पाहावेत. बाहेर ४५ अंश तापमान असते आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली दुपारी ४० अंशांच्या पुढे गेलेली असते. अशा वेळी, ऊन थेट लागत नसतानाही, पेला हाताला गरम लागतो आणि पाट त्यामानाने सुसह्य वाटतो. वस्तूंचे गुणधर्म बदललेले नसतात. बदलते ती उष्णतेच्या प्रवाहाची दिशा. आपल्या तळहाताची त्वचा साधारण ३३ अंशांच्या आसपास असते. वस्तू त्याहून थंड असेल तर उष्णता हातातून वस्तूकडे जाते, आणि गरम असेल तर वस्तूकडून हाताकडे येते. दोन्ही वेळा स्टील हे काम झपाट्याने करते. म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये ज्या वेळी खोलीचे तापमान त्वचेइतकेच असते, त्या वेळी डोळे मिटून पेल्यावर आणि पाटावर हात ठेवले, तर गारवा किंवा ऊब यांवरून दोन्ही वस्तू ओळखणे कठीण जाते. हा प्रयोग विदर्भातल्या घरात सहज साधतो, आणि मुलांकडून तो जरूर करवून घ्यावा असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या घरात पहाटेचा गारठा आणि दुपारची होरपळ ही दोन्ही टोके इतकी स्पष्ट मिळत नाहीत.

माठाचे गणित वेगळे आहे, कारण त्यातले पाणी नुसते थंड भासत नाही, ते खरोखर थंड असते. भाजलेल्या मातीत सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून झिरपलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर येऊन बाष्प होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. दहा लिटरच्या माठातून केवळ १०० ग्रॅम पाणी उडाले, तरी बाहेरून उष्णता आत न आल्यास उरलेले पाणी जवळपास पावणेसहा अंशांनी निवते. प्रत्यक्षात खोलीतली उष्णता माठात सतत शिरत असते, त्यामुळे पाणी याहून अधिक खर्ची पडते.

मात्र हे बाष्पीभवन हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. मे महिन्यातली कोरडी हवा पाणी भराभर शोषते, म्हणून माठ आणि वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर तेव्हा उत्तम काम करतात. जुलैत हवा दमट झाली की तोच माठ आणि तोच कूलर निष्प्रभ ठरतात. शिवाय वापरता वापरता पाण्यातले क्षार मातीच्या छिद्रांत साठून ती बुजत जातात आणि जुना माठ पूर्वीसारखा झिरपत नाही. तो अजून पाणी थंड करू शकेल का, हे पाहण्यासाठी तापमापकाची गरज नसते: माठ भरून काही तास ठेवावा आणि बाहेरून तळहात फिरवून तो ओलसर लागतो का, ते पाहावे.