चक्रांग

चक्रांग (ॲनस क्रेका) हे हंस कुलातील लहान रानबदक असून ते युरोप व आशियाच्या उत्तर भागात वीण करते आणि हिवाळ्यात दक्षिण आशिया, भूमध्य सागरी प्रदेश व आफ्रिकेपर्यंत उतरते. लांबी सु. ३४–३८ सेंमी. व वजन बहुधा ४०० ग्रॅमच्या आत असते.

नराचे डोके तांबूस तपकिरी असून डोळ्यापासून मानेपर्यंत पिवळसर कडेचा हिरवा पट्टा असतो. शेपटीखालील काळ्या कडेचा पिवळा त्रिकोण दुरूनही ठळक दिसतो. मादी ठिपकेदार तपकिरी असते. ‘भुवई बदक’ (गार्गनी) या दुसऱ्या रानबदकाच्या मादीशी तिची गल्लत होते, परंतु चक्रांगाच्या पंखावर चकाकता हिरवा पट्टा व शेपटीच्या बुडाशी फिकट रेघ असते, तर भुवई बदकाच्या मादीचा चेहरा अधिक पट्टेरी असतो. विणीनंतर पिसे झडली की नरही मादीसारखाच दिसू लागतो.

उत्तर अमेरिकेतील ‘कॅरोलिनेन्सिस’ हा प्रकार (ग्मेलिन याने १७८९ मध्ये वर्णिलेला) स्वतंत्र जाती मानावा की उपजाती, याबद्दल मतभेद आहेत. यूरेशियातील नराच्या पाठीच्या कडेने आडवी पांढरी रेघ असते. अमेरिकन नरात तिच्याऐवजी छातीच्या बाजूस उभी रेघ आढळते. माद्यांमध्ये असा ढोबळ फरक नाही. तंतुकणिकांतील (पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) डीएनएनुसार अमेरिकन प्रकार दक्षिण अमेरिकेतील एका ठिपकेदार बदकाला अधिक जवळचा ठरतो, आणि जाती वेगळी मानणाऱ्यांचा भर यावरच आहे. तथापि केंद्रकीय (पेशीच्या केंद्रकातील) डीएनएत दोन्ही खंडांतील पक्ष्यांमध्ये जनुकांची देवघेव झाल्याचे दिसते. त्यामुळे केवळ तंतुकणिकांवरून निष्कर्ष काढणे घाईचे वाटते.

जेथे शिकारीस परवानगी आहे, तेथे पहाटे व सायंकाळी उथळ, चिखलट पाण्याकाठी लपणातून शिकार करतात व पाण्यावर नकली बदके सोडतात. दचकलेले चक्रांग जवळजवळ सरळ वर उसळते आणि थवा एकदम वळणे घेतो. म्हणून थव्यावर अंदाजाने बार टाकण्याऐवजी एकच पक्षी हेरून त्याच्या पुढे नेम धरावा लागतो. हंगामाच्या आरंभी नरही तपकिरी असल्याने जातीची खात्री पंखावरील पट्ट्यावरूनच करणे इष्ट. चिखलात पडलेले शिशाचे छर्रे बदके खड्यांबरोबर गिळतात व त्यांना विषबाधा होते; अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत असे छर्रे वापरण्यास देशभर बंदी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्याची शिकार निषिद्ध आहे.