पंख्याची पाती मोजता येतात तेव्हा

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी रात्री साडेआठला अंगणात बाज टाकली की दारातून घरातला पंखा दिसतो. दुपारी गरगरणारा हा पंखा त्या वेळी इतका सुस्तावतो की पाती मोजता यावीत. पूर्वी पिवळा बल्ब मंदावला की व्होल्टेज पडल्याचं कळायचं. एलईडी तसाच लख्ख राहतो, म्हणून आता ती खबर पंखा देतो.

साध्या पंख्याच्या मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ऐवजी १७० व्होल्ट आले की जोर जवळपास निम्माच उरतो. डीपी म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपासून आमच्या घरापर्यंतची तार लांब, आणि त्या वेळी तिच्यावर सगळ्या वस्तीचे कूलर-पंखे, म्हणून टोकाला व्होल्टेज पडतं. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीजही प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर नासाडी चौपट, आणि प्रवाह १० टक्के उतरला तर नासाडी १९ टक्के उतरते. त्यामुळे लाइनीच्या टोकाच्या घरात वाचलेलं युनिट मीटरवर दिसतं त्याहून मोठं असतं. वीजबचत म्हटलं की आपण बिलाचंच बोलतो. मला मात्र हा तारेचा हिशोब जास्त मोलाचा वाटतो.

साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरीचा पंखा ३० च्या आसपास. त्यात चुंबक आणि छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यामुळे व्होल्टेज बरंच पडलं तरी तो सहसा गती सोडत नाही. १०० घरांत दोन-दोन पंखे बदलले तर डीपीवरचा ९ किलोवॅट भार उतरतो. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीला हा मोठा दिलासा आहे. आमची डीपी एकदा ऐन उन्हाळ्यात जळाली, तेव्हा नवी बसेपर्यंत लेकरं-म्हातारे सगळे रात्र रात्र अंगणात जागत होते.

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो आला. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं. पण बीएलडीसी पंखा अजून महागच. २०१५ च्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली आणि एलईडीचा भाव गावाच्या आवाक्यात आला. पंख्यासाठी तेवढ्याच जोराने हे व्हायला हवं.

आणि छताचं काय? टिन दुपारी भाजून काढतं, पण दिवस मावळला की लवकर निवतं. स्लॅब उलट वागतो. दिवसभर प्यायलेली उष्णता तो रात्री खाली सोडतो, नेमकी साडेआठला, सगळे कूलर सुरू असताना. कवेलूच्या फटींतून गरम हवा निदान वर तरी निघून जायची. घरं कमी तापावीत म्हणून निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेली इको निवास संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. २५ चौरस मीटरच्या घरकुलाला ती कशी पोचणार? घरकुलाच्या हप्त्यासोबत स्लॅबवर चुन्याचे दोन हात देण्याची तरतूद झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पांढरा चुना ऊन बऱ्याच अंशी परत फेकतो, आणि ते काम घरचेच लोक करू शकतात.

आम्ही होळीनंतर स्लॅबवर चुना मारला. आता रात्री छताला खालून हात लावला तर चटका बसत नाही. पावसात तो धुऊन जातो, म्हणून पुढच्या होळीला पुन्हा बादली भिजवायची.