छाटलेली डिव्हाइस ट्री आणि ओएफ-प्लॅटडेटा: एसपीएलला हार्डवेअर सांगण्याच्या दोन तऱ्हा

यू-बूट (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा बूटलोडर) नव्या बोर्डावर आणायला घेतलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "एसपीएलमध्ये जागा नसते, त्यामुळे तिथे डिव्हाइस ट्रीही नसते." एसपीएल म्हणजे मुख्य यू-बूटच्या आधी चालणारा त्याचा छोटा टप्पा, आणि डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं झाडासारखं मांडलेलं वर्णन. वरचं वाक्य अर्धवट आहे. बहुतेक बोर्डांच्या एसपीएलमध्ये डिव्हाइस ट्री असते, फक्त छाटलेली. मोजक्या बोर्डांवर ती खरोखरच नसते, पण तिच्यातली माहिती मात्र असते आणि ती सी भाषेतल्या स्ट्रक्चरांमध्ये भरलेली असते. या दुसऱ्या पद्धतीला ओएफ-प्लॅटडेटा म्हणतात.

दोन्ही पद्धतींचं मूळ एकच डीटीएस फाइल (डिव्हाइस ट्रीचा वाचनीय मजकूर) असते, म्हणून घोटाळा होतो. वर्णन तेच असतं. ते कोण वाचतं आणि कधी वाचतं, एवढंच बदलतं: एकीकडे बोर्डावर चालणारा कोड, दुसरीकडे बिल्ड करणाऱ्या कंप्युटरवरचं एक टूल. बाकीचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. वीज आल्यावर चिपमधला बूट रॉम स्टोरेजमधून एक छोटी इमेज, म्हणजे एसपीएल, उचलून चिपच्या आतल्या एसरॅम या छोट्या मेमरीत ठेवतो. बाहेरची मोठी मेमरी, डीरॅम, तेव्हा वापरण्याजोगी नसते, ती सुरू करणं हेच या इमेजचं मुख्य काम. टीआयच्या एएम३३५एक्समध्ये ६४ केबीचे दोन तुकडे मिळतात, त्यामुळे तिथे बऱ्यापैकी ऐसपैस काम करता येतं. ऑलविनर ए१० चा बूट रॉम २४ केबीपेक्षा मोठी इमेज घेत नाही. काही एसओसींवर (प्रोसेसर आणि इतर भाग एकत्र असलेल्या चिपवर) तर १६ केबीत संपूर्ण एमएमसी स्टॅक (मेमरी कार्ड वाचणारा कोड) बसवावा लागतो. एवढ्यातही भागलं नाही तर एसपीएलच्या आधी टीपीएल नावाचा आणखी छोटा टप्पा येतो. दुसऱ्या टोकाला, लिनक्सला दिली जाणारी पूर्ण डीटीबी (डीटीएसचं बायनरी रूप) एकटीच अनेक दहा केबी भरू शकते. ती जशीच्या तशी इथे आणणं शक्यच नसतं.

म्हणून पहिला उपाय छाटणीचा. डीटीएसमध्ये नोडवर (एकेका उपकरणाच्या नोंदीवर) खुणेच्या प्रॉपर्टी लावतात: बूटपीएच-प्री-एसरॅम म्हणजे टीपीएलसाठी, बूटपीएच-प्री-रॅम म्हणजे एसपीएलसाठी, बूटपीएच-सम-रॅम म्हणजे मुख्य यू-बूटच्या रीलोकेशनपूर्व (स्वतःला डीरॅममध्ये हलवण्याआधीच्या) भागासाठी, आणि बूटपीएच-ऑल म्हणजे सगळीकडे. (२०२३ पूर्वीच्या कोडमध्ये याच खुणा यू-बूट,डीएम-एसपीएल अशा नावांनी दिसतील.) बिल्डच्या वेळी एफडीटीग्रेप हे टूल खूण नसलेले नोड गाळतं, मग उरलेल्यांतल्या काही प्रॉपर्टीही काढून टाकतं. इंटरप्टविषयीच्या प्रॉपर्टी तर सहसा जातातच, कारण यू-बूट बहुतांशी पोलिंगवर (उपकरणाला पुन्हा पुन्हा विचारत) चालतं. उरलेली छोटी डीटीबी एसपीएलच्या बायनरीच्या शेवटी जोडली जाते.

पण ही छोटी डीटीबी अजूनही खरीखुरी डीटीबी आहे, हे विसरता कामा नये. १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकातून आलेली आणि २००५ च्या सुमारास पॉवरपीसी लिनक्समध्ये सपाट झालेली तीच मांडणी इथे असते: ४० बाइटचं हेडर, टोकनांचा एक ब्लॉक, नावांचा दुसरा ब्लॉक, सगळे आकडे बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी). ती वाचायला लिबएफडीटी ही लायब्ररी लागते. त्या कोडचा भार यू-बूटच्या कागदपत्रांनुसार थंब-२ वर (एआरएमच्या आटोपशीर सूचना-संचावर) सुमारे ३ केबी, डीटीबीचा आकार वेगळा. वेळही जातो. सपाट ट्रीला अनुक्रमणिका नसते, नोड शोधायचा तर टोकन एकेक करत पुढे जावं लागतं. मुख्य यू-बूट रीलोकेशननंतर हवं तर लाइव्ह ट्री (मेमरीत उलगडलेली, पटकन शोधता येणारी ट्री) बांधून घेतं, एसपीएलला ती चैन परवडत नाही. तरीही माझ्या मते बहुतेक बोर्डांसाठी हा खर्च योग्यच आहे.

ओएफ-प्लॅटडेटा तो ३ केबीचा कोड आणि डीटीबी, दोन्ही वाचवतो. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: छाटणी इथेही होतेच. एफडीटीग्रेपने तयार केलेली तीच छोटी डीटीबी पुढे डीटॉक या पायथन टूलला दिली जाते. डीटॉक ती वाचून दोन प्रकारचा कोड लिहितं. एका हेडर फाइलमध्ये प्रत्येक कंपॅटिबल स्ट्रिंगसाठी (उपकरणाचा प्रकार सांगणाऱ्या मजकुरासाठी) एक स्ट्रक्चर असतं, आणि डीटी-प्लॅट.सी या फाइलमध्ये त्या स्ट्रक्चरांमध्ये भरलेली मूल्यं. कंपायलर ते सगळं इमेजमध्ये बसवतो. आकडे आधीच प्रोसेसरच्या एंडियन क्रमात आलेले असतात. ड्रायव्हरला प्रॉपर्टी शोधावी लागत नाही, तो सरळ स्ट्रक्चरचा सदस्य वाचतो. त्यामुळे एखाद्या नोडवर खूण लावायची राहिली तर फटका दोन्ही पद्धतींना सारखाच बसतो. "प्लॅटडेटा आहे, मग खुणा कशाला" हा समज वेळ खाणारा आहे.

आता प्लॅटडेटाची किंमत. डीटीबीमध्ये प्रॉपर्टी म्हणजे नुसते बाइट, त्यांचा प्रकार कुठेच लिहिलेला नसतो. रनटाइमला हा प्रश्न येत नाही, कारण ड्रायव्हर स्वतःच सांगतो की मला इथे ३२ बिटचा पूर्णांक हवा आहे. डीटॉकला मात्र बाइट पाहून अंदाज बांधावा लागतो. रिकामी प्रॉपर्टी दिसली की ते बूलियन धरतं, चार बाइट दिसले की एक पूर्णांक. एकाच कंपॅटिबलच्या दोन नोडांपैकी एकात एक आकडा आणि दुसऱ्यात दोन असतील, तर ते स्ट्रक्चरमधला सदस्य रुंद करून दोघांसाठी अ‍ॅरे करतं. म्हणजे तुम्ही डीटीएसमध्ये दुसरं एखादं उपकरण वाढवलं, तर पहिल्या उपकरणाच्या ड्रायव्हरला दिसणारा प्रकार बदलू शकतो.

गैरहजर प्रॉपर्टीचं प्रकरण याहून नाजूक आहे. खऱ्या ट्रीवर ड्रायव्हर म्हणू शकतो, "फिफोची (डेटाच्या रांगेची) खोली दिली नसेल तर अमुक धर." प्लॅटडेटात दोन शक्यता उरतात. ती प्रॉपर्टी त्या कंपॅटिबलच्या कुठल्याच नोडात नसेल, तर स्ट्रक्चरमध्ये तो सदस्यच नसतो आणि ड्रायव्हर कंपाइल होत नाही. एका नोडात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर दुसऱ्यासाठी ती शून्य होते. "दिलेली नाही" आणि "शून्य दिली आहे" यांतला भेद तिथे पुसला जातो. कंपाइल न होणं परवडतं, निदान चूक लगेच समोर येते. शून्याचा प्रकार बोर्डावर जाऊन मगच कळतो.

ड्रायव्हर जोडण्याची पद्धतही वेगळी आहे. नेहमीच्या ट्रीत ड्रायव्हरकडे कंपॅटिबल स्ट्रिंगांची यादी असते आणि नोड वाचताना ती ताडून पाहिली जाते. प्लॅटडेटात स्ट्रिंगच उरत नाहीत. म्हणून ड्रायव्हरचं नाव कंपॅटिबल स्ट्रिंगसारखंच ठेवावं लागतं, स्वल्पविराम आणि आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोर घालून, नाहीतर वेगळं अलियास नोंदवावं लागतं. शिवाय एकच ड्रायव्हर दोन्ही पद्धतींत चालवायचा तर त्यात प्लॅटडेटासाठी वेगळी शाखा लिहावी लागते. अशा शाखा वाढत गेल्या की ड्रायव्हर सांभाळणाऱ्याचं काम दुप्पट होतं, आणि क्वचित वापरली जाणारी शाखा कोणाच्या नकळत मोडते. मला प्लॅटडेटाची खरी किंमत हीच वाटते. केबींच्या हिशेबात ती दिसत नाही.

आणखी एक गोष्ट हातची जाते. डीटीबी बायनरीला शेवटी जोडलेली असते, त्यामुळे बिल्ड झाल्यानंतरही तिच्यात बदल करता येतो. सही तपासून बूट करण्याच्या व्यवस्थेत पब्लिक की अशीच मागाहून डीटीबीत लिहिली जाते. एकाच एसपीएलबरोबर अनेक डीटीबी ठेवून बोर्ड ओळखून त्यातली एक निवडण्याचीही सोय आहे. प्लॅटडेटात मूल्यं कोडात विरघळलेली असतात. बदल हवा असेल तर पुन्हा कंपाइल करा.

हे सगळं वाचून प्लॅटडेटा ही कल्पनाच चुकीची वाटायला नको. झेफर ही आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम) डिव्हाइस ट्रीचं नेहमीच बिल्डच्या वेळी मॅक्रोंमध्ये रूपांतर करते, बोर्डावर डीटीबी जातच नाही, आणि मायक्रोकंट्रोलरसाठी ते अगदी योग्य आहे. तिथे सगळे ड्रायव्हर पहिल्यापासून त्याच पद्धतीने लिहिलेले असतात, दोन शाखांचा प्रश्न येत नाही. कोअरबूट या फर्मवेअरमध्येही डिव्हाइसट्री.सीबी नावाची फाइल बिल्डच्या वेळी सी कोडात जाते, मात्र तिचं व्याकरण पूर्ण वेगळं आहे. डीटीएसशी तिचं साम्य नावापुरतंच.

यू-बूटमध्ये निवड करायचीच असेल तर क्रम असा ठेवा. आधी खुणा कमी करा, नको त्या प्रॉपर्टी काढण्याच्या यादीत टाका आणि इमेजचा आकार मोजा. टीपीएल वापरता येत असेल तर सगळ्यात अरुंद काम तिकडे ढकला, मग एसपीएलमध्ये खरी ट्री ठेवता येते. एवढं करूनही बसत नसेल तरच प्लॅटडेटा, आणि तोही फक्त त्या अरुंद टप्प्यापुरता. यू-बूटमध्ये याच्याही पुढची एक सोय आहे, डिव्हाइसची नोंदच बिल्डच्या वेळी तयार करून ठेवण्याची. तिने मॅलॉकचा (चालू असताना मेमरी मागण्याचा) भारही हलका होतो, पण तिथवर जायची गरज फार थोड्या बोर्डांना पडते.

एसपीएलमधून सिरियलवर एक अक्षरही आलं नाही, तर दोन्ही पद्धतींत सुरुवात एसपीएलच्या फोल्डरमधल्या यू-बूट-एसपीएल.डीटीबीपासून करा. डीटीसी या डिव्हाइस ट्री कंपायलरने ती पुन्हा वाचनीय करा आणि यूएआरटीचा (सिरियल पोर्टचा) नोड आहे का पाहा. नोड असूनही काम होत नसेल तर त्याच्या वरच्या बसचा नोड तपासा. यू-बूटच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये वरच्या नोडावर खूण नसल्यामुळे त्याची रेंजेस (पत्ते जुळवणारी) किंवा कंपॅटिबल प्रॉपर्टी गळलेली असू शकते, आणि मग खालचा नोड असून नसल्यासारखाच. प्लॅटडेटा चालू असेल तर पुढची पायरी डीटी-प्लॅट.सी. त्या नोडाचं स्ट्रक्चर तिथे आहे का, कुठला आकडा अनपेक्षितपणे शून्य आहे का, आणि त्यापुढे लिहिलेलं ड्रायव्हरचं नाव खरोखर कंपाइल झालेल्या ड्रायव्हरशी जुळतं का, हे तिथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतं.