काळी कसायला, पांढरी राहायला

जुन्या महसुली बोलीत काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पांढरीचा रंग खराच पांढुरका असतो: चुलीची राख, शेण, हाडं आणि पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून तिचं टेकाड होतं. दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची गावं अशाच टेकाडांत सापडली.

काळ्या मातीवर घर टिकत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते, भिंती तडकतात. मात्र पावसाळ्याची ओल तीच रब्बीपर्यंत धरते. म्हणून वस्ती काळीच्या कडेला, नदीकाठच्या गाळाच्या उंचवट्यावर; पाणी घागरीच्या टप्प्यात, पूर उंबऱ्याच्या खाली. घोड नदीकाठचं इनामगाव (ता. शिरूर) इ.स.पू. १६०० ते ७०० असं नांदलं. तिथे बार्ली, मसूर, कुळीथ मिळाले, शिवाय पाणी वळवायचा पाट आणि बांधही.

मग कोल्हापूरच्या हिरव्यागार पश्चिमेचं काय, तिथे ही पहिली गावं का वसली नाहीत? गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शहरात हजारभर, शिरोळकडे त्याहून बराच कमी. आज आपल्याला भुरळ घालते ती पश्चिम. पण गहू-बार्लीला मुसळधार पाऊस मानवत नाही, जांभ्यावरची पातळ माती वाहून जाते आणि दाट रान साफ करायला हाताशी लोखंड नव्हतं. इनामगाव ज्या जोर्वे संस्कृतीत मोडतं, त्या पहिल्या शेतकऱ्यांची गावं कमी पावसाच्या पट्ट्यात आहेत. कोकणात ती नाहीत.

जमीन आणि पाण्यानंतर तिसरी गरज हत्यारांच्या दगडाची. बेसाल्टच्या (दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या) पोकळ्यांत तयार झालेले गार, अकीक, कॅल्सेडनी हे कठीण, धारदार फुटणारे दगड खडक झिजला की सुटून नदीच्या वाळूगोट्यांत येतात. मुठीएवढा गोटा निवडायचा, साल काढायची, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने टवके काढून सरळ कणा करायचा. कण्यावरून पहिलं पातं सुटलं की मागची पाती समांतर निघतात. कणा वाकडा झाला तर पातं मध्येच मोडतं. हीच पाती लाकडी खोबणीत बसवली की विळा तयार.

त्याही आधीच्या अश्मयुगीन माणसाला शेतीची फिकीर नव्हती. त्याला दगड आणि पाणी पुरे. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत त्याची क्वार्टझाइट या कठीण दगडाची हत्यारं गोट्यांच्या थरांत मिळतात. तिथे आधी हत्यारांच्या कडा बघाव्यात. त्या गुळगुळीत असतील तर हत्यार वाहत आलंय आणि वस्ती वर कुठेतरी होती. धारदार असतील तर ती जवळच असावी.

कोल्हापुरातली पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी प्रागैतिहासिक नव्हे. १९४५-४६ला पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी ती खणली तेव्हा सातवाहनकालीन नगर हाती लागलं. टाउन हॉल संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथलीच. जागेची निवड मात्र जुन्याच हिशेबाची. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेलं, की उंचवटा कोणता आणि खोलगट कोणता हे सबंध शहराला दिसतं.

शेतकरी पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरून नेतात. खालचं खापर वर आलं की थरांचा क्रम गेला. नुसत्या खापरावरून मग काळ सांगणं अवघड.