सोलापूर एवढं सपाट, मग सायकल कम्प्युटर चढ कुठनं आणतो?

सोलापुरात सकाळी सायकल हाणणाऱ्यांचा एक ठरलेला वाद आहे. चार जण सोबत निघतात, हिप्परगा तलाव किंवा पार तुळजापूर करून येतात आणि चहाला थांबले की आपापल्या हँडलवरच्या सायकल कम्प्युटरचे, म्हणजे अंतर-चढ दाखवणाऱ्या छोट्या डबीचे, आकडे वाचायला लागतात. किलोमीटर सगळ्यांचे जवळपास सारखेच, त्यावरनं भांडण नाही. पण एकूण चढाई किती झाली ते विचारा, एकाला तीनशे मीटर, दुसऱ्याला अडीचशे, आणि ज्याच्याकडं नुसता मोबाइल आहे त्याला काहीतरी तिसरंच. रस्ता तोच, माणसं तीच, मग कुणाचं मशीन खोटं बोलतंय?

खरं सांगायचं तर सगळ्यांचंच, थोडं थोडं. कारण त्या डबीतला प्रत्येक आकडा वेगळ्या वाटेनं येतो.

जागा काढणं त्यातल्या त्यात सोपं. जीपीएसचे सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वरनं फिरत असतात आणि सतत ‘आत्ता किती वाजले, मी कुठं आहे’ एवढंच सांगत असतात. आपला कम्प्युटर नुसता ऐकतो, परत काही पाठवत नाही. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर निघतं, पण हा सिग्नल प्रकाशाच्या वेगानं येतो, म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं तरी ३०० मीटरचा घोळ. सॅटेलाइटवर अणुघड्याळं असतात, आपल्या डबीत साधं, म्हणून तीन सॅटेलाइटवर भागत नाही, चौथा लागतो, आपल्याच घड्याळाची चूक काढायला. एवढं करून मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक जागा मिळते. होटगी रोड, विजापूर रोड असल्या उघड्या रस्त्याला काहीच अडचण नाही, नवी पेठेतल्या गल्लीत शिरलात की सिग्नल भिंतींना आपटून येतो आणि नकाशावरची रेघ जरा दुकानांतनं गेलेली दिसते.

पण हे झालं आडवं. उभ्या दिशेत जीपीएस मुळातच कच्चं आहे, कारण सगळे सॅटेलाइट डोक्यावर, पायाखालचे पृथ्वीनं झाकलेले, त्यामुळं वर-खालीची चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट सहज होते. त्यात अजून एक भानगड अशी की जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका कल्पित गुळगुळीत आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही. भारताच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण जरा कमी असल्यानं समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली जाते, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर १०० मीटरहून जास्त, आपल्याकडंही पन्नास मीटरच्या वर. डिव्हाइसमध्ये याचा तक्ता असतो म्हणून आपल्याला कळत नाही, नाहीतर साडेचारशे मीटरच्या थोडं वर असलेलं सोलापूर चारशेच्या आसपास आलं असतं.

म्हणून बऱ्यापैकी किमतीच्या सायकल कम्प्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवतात. वर चढलं की दाब कमी होतो, आपल्या उंचीवर साधारण ९ मीटरला १ हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं माप). हा सेन्सर एखाद-दुसऱ्या मीटरचा चढही टिपतो, फ्लायओव्हर चढलात तरी लगेच कळतं. मजा अशी की त्याला उंची माहीतच नसते, फक्त दाब कळतो, आणि दाब नुसत्या चढानं बदलत नाही.

आपल्यासारख्या उष्ण पट्ट्यात हवेला रोज भरती-ओहोटी येते, तीही दिवसातनं दोनदा. समुद्राच्या भरतीत चंद्राचा हात मोठा, हवेत मात्र सूर्याचा. वरच्या थरातला ओझोन आणि खालची वाफ सूर्याच्या उन्हानं तापते, त्यातनं बारा तासांची एक लाट उठते आणि ती सूर्यासोबत पृथ्वीभर फिरते. पहाटे चारच्या सुमाराला दाब कमी, सकाळी दहाला जास्त, परत दुपारी चारला कमी, रात्री दहाला जास्त, असा नेम. पहाटे ते दहा या वेळात दाब दोन-अडीच हेक्टोपास्कल वाढतो. आता बघा, तुम्ही पाचला घरनं निघालात आणि साडेनऊला त्याच दारात आलात, तर कम्प्युटरच्या हिशोबात तुमचं घर तेवढ्या वेळात वीसेक मीटर खाली गेलेलं असतं! मशीन बिघडलेलं नाही, ते हवेबद्दल अगदी खरं सांगतंय. मला तर हे चढाईच्या आकड्यापेक्षा भारी वाटतं, इवलासा सेन्सर हँडलवर बसून आख्ख्या वातावरणाची भरती मोजतोय आणि आपण त्याला शिव्या घालतोय.

उन्हाळ्यात वेगळंच. दाबावरनं उंची काढायचं सूत्र असं धरून चालतं की समुद्रसपाटीला हवा १५ अंश आहे. सोलापुरात मे महिन्यात १५ अंश कधी बघितलेत का कुणी? गरम हवा पातळ असते, तेवढाच चढ चढला तरी दाब कमीच घटतो. हवा ३५ अंशांची असली तर ८ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तुळजापूरच्या बाजूला जाताना बालाघाट डोंगररांगेचा जो दोनशे मीटरच्या आसपास चढ आहे तो १८५ च भरतो. घाम तेवढाच गळतो, हा भाग वेगळा.

आता मोबाइलवाला. दाबाचा सेन्सर नसला तर अॅप बऱ्याचदा नकाशातली जमिनीची उंची उचलतं. या नकाशांचा एक मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानानं ११ दिवसांत रडारनं केलेलं मोजमाप. तिथं जमीन चौकोनाचौकोनांत मोजलेली आहे, पूल वगैरे नीट दिसेलच असं नाही, त्यामुळं पुणे रोडला लांबोटीजवळ तुम्ही सीनेच्या पुलावरनं सरळ गेलात तरी अॅपच्या मते नदीत उतरून परत वर आलात. वर प्रत्येक कंपनी किती मीटरच्या पुढचा चढ मोजायचा आणि किती हलकं म्हणून सोडायचं ते आपापलं ठरवते. सपाट रस्त्यावर चढ असतोच छोटाछोटा, त्यामुळं या ठरवण्यानंच आकडा सगळ्यात जास्त हलतो. सोलापूरवाल्यांची भांडणं घाटातल्या माणसांपेक्षा जास्त होणारच की.

बाकी करायचं एवढंच, निघायच्या आधी कम्प्युटरला माहीत असलेली उंची भरायची. ती कुठनं आणायची म्हणाल तर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली लिहिलेली असते. आणि डबीच्या खालचं बारीक भोक पुसत जा, घाम आणि धूळ तिथं बसली की हवा आत जात नाही, मग चढ काय नि उतार काय, त्याला काही कळतच नाही.